पोहणे, संयुक्त व्यायाम आणि वजनघट : एका आरोग्यविचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वाढलेले वजन कमी करू इच्छिणाऱ्या व्यक्तीला जे सल्ले मिळतात, त्यांत पोहण्याचा सल्ला हमखास असतो. 'पोहणे हा सर्वांगाचा व्यायाम आहे. पोहायला लागा, वजन आपोआप उतरेल' हे विधान इतके रूढ झाले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. या विधानाचा पूर्वार्ध बव्हंशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावा लागतो. तीन-चार महिने नेमाने तलावावर जाऊनही काट्यावरील आकडा हलत नाही, तेव्हा माणूस आपल्या निश्चयाला दोष देतो आणि पुष्कळदा व्यायामच सोडून देतो. दोष निश्चयाचा असतो की मुळातील अपेक्षेचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक उरत नाही.

व्यायामाने वजन उतरते, ही कल्पना इतिहासात केव्हा रूढ झाली, पोहण्याविषयीचे मत कसकसे बदलत गेले आणि पोहण्याला अन्य व्यायामांची जोड देण्याचा विचार कोणत्या अनुभवांतून पुढे आला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंतचा कालखंड यासाठी प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

बलोपासना आणि वजन

भारतीय परंपरेत व्यायाम आणि मेद यांचा संबंध फार पूर्वीपासून ज्ञात होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या निर्धन रुग्णाला शंभर योजने पायी चालण्याचा, तर दुसऱ्या एखाद्याला विहीर खणण्याचा उपचार सांगितला आहे. अतिपोषणातून उद्भवणाऱ्या विकारावर दीर्घकाळचे श्रम आणि साधा आहार यांची एकत्रित योजना हे या उपचाराचे मर्म होय. त्याच ग्रंथात व्यायाम आपल्या बलाच्या अर्ध्या मर्यादेपर्यंतच करावा, असाही दंडक घातला आहे.

महाराष्ट्रातील तालमींची परंपरा मात्र वेगळ्या हेतूने वाढली. दंड, बैठका, जोर, मल्लखांब, कुस्ती आणि पोहणे ही सारी बलोपासनेची अंगे होती. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलाला विहिरीत सोडावयाचे, ही पोहणे शिकविण्याची रीत गावोगाव रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १८७३ च्या सुमारास डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासाऐवजी शरीर कमावण्यात घालविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कुस्ती आणि पोहणे यांचा त्यात अंतर्भाव होता. त्यांची मूळची प्रकृती अशक्त होती, आणि अंग भरावे, बळ वाढावे हा या खटाटोपाचा हेतू होता. म्हणजे पोहण्याला अन्य मेहनतीची जोड देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. तिचे उद्दिष्ट तेवढे आजच्या उद्दिष्टाच्या नेमके उलट होते. ज्या समाजात पोटभर अन्न हीच पुष्कळांची विवंचना होती, तेथे वजन वाढणे हे व्यायामाचे फळ मानले जाणे स्वाभाविक होते.

बँटिंगचा अनुभव : १८६३

वजन उतरविण्यासाठी व्यायाम, या कल्पनेची पहिली गाजलेली कसोटी लंडनमध्ये लागली. विल्यम बँटिंग हा तेथील अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणारा सधन व्यावसायिक होता. ऑगस्ट १८६२ मध्ये पाच फूट पाच इंच उंचीच्या या गृहस्थाचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकणे त्यास अशक्य झाले होते आणि गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून तो जिना उलट्या पावलांनी उतरत असे.

तत्पूर्वी बँटिंगने व्यायामाचा मार्ग प्रामाणिकपणे चोखाळला होता. वैद्यकीय सल्ल्यानुसार तो रोज पहाटे दोन तास नाव वल्हवीत असे. त्यामुळे स्नायूंना बळ आले, परंतु भूकही अनावर वाढली आणि ती भागविल्यामुळे वजन कमी होण्याऐवजी वाढले. अखेर हा व्यायाम थांबविण्याचा सल्ला त्यास देण्यात आला. चालणे, घोड्यावरून रपेट, समुद्रस्नान, पन्नास तुर्की स्नाने असे नाना उपाय त्याने केले. तुर्की स्नानांनी अवघे सहा पौंड उतरले. पुढे विल्यम हार्वे या डॉक्टराने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करणारा आहार आखून दिला आणि सुमारे वर्षभरात त्याचे वजन ४६ पौंडांनी घटले. १८६३ मध्ये बँटिंगने हा अनुभव स्वखर्चाने पुस्तिकारूपात प्रसिद्ध केला. त्याचे नाव इंग्रजीत क्रियापद म्हणून रुळले, आणि वजनासाठी आहारनियमन करणे या अर्थाचे त्यापासून बनलेले क्रियापद स्वीडिश भाषेत आजही वापरात आहे.

या पुस्तिकेची आठवण बहुधा आहाराच्या संदर्भात काढली जाते. व्यायामाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील वल्हवण्याचा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. व्यायामाने बळ वाढते हे बँटिंगने नाकारले नाही. व्यायामाबरोबर भूक वाढते आणि भूक खर्च भरून काढते, हे त्याने स्वतःच्या देहावर अनुभवून नोंदविले. पोहण्याविषयीचा पुढील सव्वाशे वर्षांचा वाद याच एका निरीक्षणाभोवती फिरत राहिला.

उष्मांकांचा जमाखर्च

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विल्बर अॅटवॉटर आणि एडवर्ड रोझा यांनी अमेरिकेतील मिडलटाऊन येथे माणूस आत राहू शकेल असे उष्णतामापक दालन उभारले. अन्नातून मिळणारी आणि श्रमात खर्च होणारी ऊर्जा एकाच मापात मोजता येऊ लागली. त्यातून शरीर म्हणजे जमाखर्चाची वही, ही प्रतिमा दृढ झाली. १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की यांनी एक पौंड वजन म्हणजे ३५०० किलोकॅलरी हे समीकरण मांडले. एका किलोस हा आकडा सुमारे ७७०० येतो. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांच्या 'एरोबिक्स' या पुस्तकाने धावणे, पोहणे, सायकल चालविणे अशा व्यायामांना गुण देऊन ते परस्परांशी तोलण्याची पद्धत लोकप्रिय केली. १९९३ मध्ये शारीरिक हालचालींच्या ऊर्जाखर्चाचे विस्तृत कोष्टक प्रसिद्ध झाले. स्वस्थ बसण्याच्या किती पट ऊर्जा एखाद्या हालचालीस लागते, हे त्यावरून पाहता येते.

या कोष्टकाच्या २०११ च्या आवृत्तीनुसार संथ ते मध्यम गतीने पोहण्यास विश्रांतीच्या सुमारे ५.८ पट ऊर्जा लागते. म्हणजे ८० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास पोहली, तर सुमारे २३० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांपैकी चाळीसेक किलोकॅलरी स्वस्थ बसूनही खर्ची पडल्याच असत्या. निव्वळ लाभ १९० च्या आसपास उरतो. या हिशेबाने एक किलो वजन उतरण्यास अशी चाळीस सत्रे लागतील, तीही आहारात कणभर वाढ न होता. तलावाबाहेर येताच घेतलेला गोड चहा आणि दोन बटाटेवडे त्या दिवसाची कमाई सहज पुसून टाकतात. शिवाय वजन उतरू लागले की शरीराचा दैनंदिन ऊर्जाखर्चही घटतो. त्यामुळे ७७०० चे समीकरण दीर्घकाळासाठी जसेच्या तसे लागू पडत नाही, हे उत्तरकालीन संशोधनाने स्पष्ट केले आहे.

पाण्याचे दुहेरी स्वरूप

जमिनीवरील व्यायामांना लावलेला हिशेब पोहण्यास तंतोतंत लागू होत नाही, कारण पाणी हे वेगळे माध्यम आहे. पाणी शरीराचा बहुतांश भार उचलते. त्यामुळे गुडघे, घोटे आणि कंबर यांवर ताण येत नाही आणि स्थूल किंवा संधिविकार असलेल्या व्यक्तीस दीर्घकाळ हालचाल करणे शक्य होते. परंतु चालताना स्वतःचे वजन वाहून नेण्यात जी ऊर्जा खर्च होते, ती येथे वाचते. पाण्याची ही कृपा आणि पाण्याची ही उणीव एकाच गुणातून येते.

दुसरा गुण उष्णतावहनाचा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. कॅप्टन मॅथ्यू वेब याने ऑगस्ट १८७५ मध्ये इंग्लिश खाडी सुमारे २१ तास ४५ मिनिटांत पोहून पार केली, तेव्हापासून थंड पाण्यात दीर्घकाळ तग धरणाऱ्या जलतरणपटूंविषयी शास्त्रज्ञांना कुतूहल होते. १९५५ मध्ये ग्रिफिथ प्यू आणि ओटो एडहोम यांनी खाडी पोहणाऱ्यांच्या शरीरक्रियेचा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जेसन झिरगॅनोस हा स्थूल ग्रीक जलतरणपटू थंड पाण्यात कित्येक तास टिकून राहत होता. सडपातळ बांध्याचे प्यू मात्र तशाच पाण्यात लवकर गारठले. त्वचेखालील चरबी ही येथे संरक्षक ठरते, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. वर्षानुवर्षे मैलोगणती पोहणाऱ्या माणसांच्या अंगी चरबी टिकून राहू शकते, ही गोष्ट 'पोहा आणि सडपातळ व्हा' या समजुतीस छेद देणारी होती.

पाण्याने आणखी एक धडा दिला. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलून त्यांच्या शरीराची घनता काढली. उंची-वजनाच्या तक्त्यानुसार 'अतिवजनी' ठरणाऱ्या अनेक खेळाडूंच्या अंगी चरबी अल्प आणि स्नायू भरपूर असल्याचे आढळले. वजन आणि मेद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सत्य अशा प्रकारे पाण्यातच तोलले गेले.

परस्परविरोधी निष्कर्ष : १९८७ ते २०११

पोहण्याने वजन उतरते काय, या प्रश्नावर सर्वाधिक गाजलेला अभ्यास कॅलिफोर्नियातील ग्रँट ग्विनप यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. मध्यम स्थूल स्त्रियांचे तीन गट करून त्यांना आहारावर कोणतेही बंधन न घालता सहा महिने अनुक्रमे चालणे, सायकल चालविणे आणि पोहणे असा दैनंदिन व्यायाम देण्यात आला. चालणाऱ्यांचे वजन सुमारे १० टक्क्यांनी, सायकल चालविणाऱ्यांचे सुमारे १२ टक्क्यांनी घटले. पोहणाऱ्यांच्या वजनात घट झाली नाही. त्या काय व किती खात होत्या, याची काटेकोर मोजदाद न झाल्याने कारण निश्चित करता आले नाही. तथापि बँटिंगची भूक येथे पुन्हा संशयित म्हणून पुढे आली.

२००५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी ११ पुरुषांना पाण्यात बुडविलेली सायकल चालविण्यास सांगितले. एकदा पाण्याचे तापमान ३३ अंश सेल्सिअस, तर एकदा २० अंश होते. खर्च झालेली ऊर्जा जवळपास सारखी असूनही थंड पाण्यातील व्यायामानंतर त्याच व्यक्तींनी सुमारे ४४ टक्के अधिक अन्न ग्रहण केले. हा प्रयोग पोहण्याचा नव्हता आणि २० अंश हे तापमान सामान्य जलतरण तलावापेक्षा बरेच कमी आहे, या मर्यादा ध्यानी घ्याव्या लागतात. पण व्यायामानंतरची भूक केवळ श्रमावर अवलंबून नसते, माध्यमावरही असते, एवढे त्यातून दिसून आले.

याउलट २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे ५० ते ७० वयाच्या बैठ्या जीवनशैलीच्या ११६ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पोहणाऱ्या गटाचे वजन चालणाऱ्या गटापेक्षा किंचित अधिक घटले. २०११ मध्ये इंग्लंडमधील लफबरो येथील प्रयोगात पोहण्याने नंतरच्या काही तासांत भूक वाढल्याचे जाणवले, तरी प्रत्यक्ष आहारात लक्षणीय वाढ आढळली नाही. सारांश, पोहणे निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही आणि ते एकटे पुरेसे आहे असेही म्हणता येत नाही. पाण्याचे तापमान, पोहण्याचे कौशल्य, वेग, वय आणि विशेषतः नंतरचा आहार यांवर फलित ठरते.

संयुक्त व्यायामाचा उदय

पोहण्यास अन्य व्यायामांची जोड देण्याची आधुनिक पद्धत वजन उतरविण्याच्या चिंतेतून जन्मली नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे जॅक जॉनस्टोन आणि डॉन शनाहन यांनी धावणे, सायकल आणि पोहणे यांची एकत्रित स्पर्धा भरविली. नेहमीच्या धावण्याच्या सरावाला पर्याय म्हणून योजलेल्या या स्पर्धेत ४६ जण उतरले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर पहिली 'आयर्नमॅन' स्पर्धा झाली. धावपटू अधिक तंदुरुस्त, जलतरणपटू अधिक, की सायकलपटू, या वादातून ती निघाली होती. १५ जणांनी आरंभ केला आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला. दरम्यान १९८० च्या दशकात व्यायामप्रकार आलटून पालटून करण्याची पद्धत सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचली होती. एकाच सांध्यावर व स्नायूवर सतत ताण येत नाही, कंटाळा येत नाही आणि व्यायामात खंड पडत नाही, हे तिचे लाभ होते.

वजनाच्या संदर्भात या पद्धतीची कसोटी पुढे लागली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये ११९ स्थूल वा अतिवजनी प्रौढांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. दमश्वास वाढविणारा व्यायाम करणाऱ्या गटाची चरबी व वजन घटले. केवळ वजने उचलणाऱ्या गटाचे स्नायू वाढले, पण चरबी घटली नाही. दोन्ही करणाऱ्या गटास दोन्ही लाभ झाले. मात्र त्यासाठी जवळपास दुप्पट वेळ द्यावा लागला आणि वजनातील घट केवळ पहिल्या प्रकारच्या व्यायामापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक नव्हती. या अभ्यासात पोहण्याचा समावेश नव्हता. तरीही त्यातून एक तत्त्व हाती येते. व्यायामांची बेरीज केल्याने काट्यावरील आकड्यांची बेरीज होतेच असे नाही. प्रत्येक व्यायाम वेगळे काम करतो आणि जोड द्यावयाची ती त्या वेगळेपणासाठी. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये मांडलेल्या भूमिकेनुसार आठवड्यास १५० ते २५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाने माफक, तर २५० हून अधिक मिनिटांच्या व्यायामाने लक्षणीय वजनघट संभवते. एवढी मिनिटे एकाच व्यायामाने भरून काढणे बहुतेकांना झेपत नाही.

भारतीय संदर्भ

भारतीयांच्या बाबतीत हे तत्त्व अधिकच महत्त्वाचे ठरते. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीराचे उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, २२.३ इतकाच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के आढळले. वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि मेद अधिक असू शकतो, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता अशा अधिक कडक मर्यादा सुचविल्या. कंबरेच्या घेरासाठी पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटीमीटर या मर्यादा निश्चित करण्यात आल्या.

अशा देहाने केवळ उपवास करून वा केवळ पोहून वजन उतरविले, तर मुळात तुटपुंज्या असलेल्या स्नायूंची आणखी झीज होण्याचा धोका संभवतो. शिवाय पोहताना हाडांवर देहाचा भार येत नसल्याने हाडांच्या बळकटीसाठी जमिनीवरील व्यायाम आवश्यक ठरतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी हा मुद्दा विशेष विचारणीय आहे.

येथे तालमीची परंपरा पुन्हा उपयोगी पडते. आठवड्यातून दोन-तीन दिवस पोहणे, इतर दिवशी झपाट्याने चालणे आणि दोन दिवस बैठका, जोर यांसारखी स्नायूंना ताण देणारी मेहनत, अशी विभागणी कोणत्याही खर्चिक साधनांवाचून करता येते. ज्याचे गुडघे दुखतात त्याने पाण्यातील हालचालींपासून आरंभ करावा आणि भार सोसवू लागला की जमिनीवरील व्यायाम हळूहळू वाढवावा, हा क्रम सयुक्तिक ठरतो. हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या व्यक्तीने अर्थातच डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा. सुश्रुताने घातलेली अर्ध्या बलाची मर्यादा नवशिक्यास आजही मार्गदर्शक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. व्यायामाने भूक वाढते व ती ऊर्जाखर्च भरून काढू शकते, हे १८६३ मध्ये बँटिंगने नोंदविलेले निरीक्षण पुढील संशोधनाने सर्वस्वी खोडून काढलेले नाही. आहारनियमनाविना पोहण्यापासून मोठ्या वजनघटीची अपेक्षा धरणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२. पाणी भार उचलते म्हणून स्थूल व्यक्तीस व्यायाम शक्य होतो आणि त्याच कारणाने काही लाभ उणेही पडतात. ही उणीव चालणे आणि स्नायूंचा व्यायाम भरून काढतात. संयुक्त व्यायामाचे समर्थन या परस्परपूरकतेत आहे, उष्मांकांच्या बेरजेत नाही.

३. वजन आणि मेद एक नव्हेत. भारतीयांच्या संदर्भात काट्याइतकेच कंबरेच्या घेराकडे आणि स्नायूंच्या बळाकडे लक्ष देणे इष्ट होय.

महाराष्ट्राच्या जुन्या व्यायामपरंपरेने पोहणे आणि मेहनत यांची सांगड बळ वाढविण्यासाठी घातली होती. आज तीच सांगड मेद घटविण्यासाठी घालावयाची असली, तरी बळ हे उद्दिष्ट सोडून चालणार नाही. चार महिने पोहूनही ज्याच्या काट्यावरील आकडा हलला नाही, त्याचा दम वाढला असेल, जिना चढताना धाप लागत नसेल, तर त्याचे श्रम वाया गेलेले नाहीत. त्याने पोहणे सोडू नये. त्यास चालण्याची, मेहनतीची आणि संयमित ताटाची जोड द्यावी, हेच या दीर्घ इतिहासाचे सार म्हणावे लागेल.